राष्ट्रीय महामार्ग क्र. ४ ठाण्यातून सुरू व्हायचा! जुन्या पुणे रस्त्याचं उरलंसुरलं राखायचं कसं?

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

मंडळी, जुना मुंबई-पुणे हायवे म्हटलं की खोपोली, शिंग्रोबा, खंडाळा आणि चिक्की. फोटो आणि आठवणी फिरतात त्याही बहुतेक पनवेलच्या पुढच्याच. आपण ठाणे-कळव्याची माणसं त्याच रस्त्यावर रोज उभी असतो (धावत असतो म्हणणं धाडसाचं होईल), पण हा तोच रस्ता आहे हे आपल्या गावीही नसतं.

थोडं मागे जाऊ. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये सुरू झाला. त्याआधी मुंबईहून गाडीने पुण्याला जायचं तर शीव, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड असं आग्रा रोडने ठाण्यात यायचं, कळव्याचा पूल ओलांडायचा, मग मुंब्रा, कौसा, शीळफाटा, तळोजं करत पनवेल. तिथून चौक, खालापूर, खोपोली आणि घाट. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याचं परिशिष्ट काढून बघा. क्रमांक ४ चा महामार्ग ठाण्याजवळ क्रमांक ३ पासून, म्हणजे आग्रा रोडपासून निघतो आणि पुणे, बेळगाव, हुबळी, बंगळूर, राणीपेट करत मद्रासला पोचतो असं त्यात नोंदवलंय. मद्रासपर्यंतच्या रस्त्याची सुरुवात आपल्या ठाण्यात! पुढे २०१० मध्ये देशभरातले क्रमांक बदलले, पुण्याचा रस्ता ४८ मध्ये गेला आणि '४' ही ओळख फक्त जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी राहिली.

घाटातला रस्ता याहून बराच जुना. कॅप्टन ह्यूजने तो आखून बांधला आणि १० नोव्हेंबर १८३० ला गव्हर्नर सर जॉन माल्कमने चाकांच्या गाड्यांसाठी खुला केला. त्या काळी मुंबईकर पनवेलपर्यंत गलबताने यायचा आणि रस्त्याला लागायचा तो पनवेल बंदरात उतरल्यावर. आगगाडी आली तरी लगेच सुटका झाली नाही. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट रेल्वेने चढायला १८६३ उजाडलं. मधली पाच वर्षं उतारूंनी खोपोलीला गाडीतून उतरायचं, पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून याच रस्त्याने वर जायचं आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी पकडायची. 'लास्ट माइल कनेक्टिव्हिटी'चं रडगाणं नवं नाही!

आता मुद्दा. ५ एप्रिल २०२० ला, लॉकडाउनमध्ये रस्ता रिकामा होता तेव्हा, घाटातला १८३० मधला अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला. एक्स्प्रेसवेच्या लेन त्याच्या खांबांमधून जायच्या, कोंडी आणि अपघात व्हायचे, हे मान्य. पण १९० वर्षांच्या पुलासाठी हळहळ व्यक्त झाली ती पाडल्यावर. आधी त्याच्याखालून जाताना आपण हॉर्न वाजवत होतो.

ठाणे-पनवेल तुकड्यात असं काय काय आहे, जे जाईपर्यंत आपल्याला कळणारही नाही? मला कमान, कारंजं किंवा सेल्फी पॉइंट नकोय. आहे त्याची निदान नोंद व्हावी आणि त्या रस्त्यावर जाण्यात मजा यावी, एवढंच डोक्यात आहे. तुम्हाला काय माहीत आहे, काय वाटतं, लिहा.

चिमटा

मुंब्र्याच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून वारसा अनुभवला आहे. भरपूर वेळ मिळतो.

डेपोवाले_नाना

धागा वाचून बरं वाटलं रे. मी एसटीत होतो, ठाण्याहून पुण्याला गाड्या नेल्या आहेत. वाशीचा पूल झाल्यावर मुंबईच्या गाड्या तिकडून जायला लागल्या, तरी ठाण्याच्या गाड्यांना मुंब्रा-पनवेलच होतं.

कळवा सोडलं की डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला पारसिकचा डोंगर, आणि दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता आणि रेल्वे शेजारी शेजारी. पावसाळ्यात डोंगरावरून पाणी थेट रस्त्यावर यायचं. वर मुंब्रादेवीचं देऊळ दिसलं की पुढच्या सीटवरच्या बायका हात जोडायच्या. शीळफाट्यानंतर तळोज्यापर्यंत भातशेती. रात्रीच्या गाडीला तिथे एक दिवा दिसायचा नाही.

घाटाची तर बातच वेगळी. खोपोलीला गाडी थांबवायची, इंजिन गार होऊ द्यायचं, रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, उतारूंनी वडा खायचा, मग चढाई. शिंग्रोबाच्या देवळाशी कंडक्टर खिडकीतून नाणं टाकायचा. स्वतःच्या खिशातलं, तिकिटांच्या पिशवीतलं नव्हे, हे मुद्दाम सांगतो! इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर शिंग्रोबा आणि त्याच्याच जिवावर उठलेले साहेब ही कथा तुम्हाला ठाऊक असेलच. खरीखोटी देव जाणे, पण चढावर गाडी गरम झाली की मी मी म्हणणारे ड्रायव्हर हात जोडायचे.

खोपोलीचा तलाव आणि महादेवाचं देऊळ मात्र धाग्यात यायला हवं होतं. नाना फडणवीसांनी बांधलेलं काम आहे ते. घाट चढण्याआधी माणसांना आणि जनावरांना पाणी मिळावं म्हणून. म्हणजे साहेबाच्या आधीपासून त्या वाटेवर वर्दळ होतीच. ह्यूजसाहेबाने चाकाची सोय केली, वाट त्याची नव्हे.

खाडीपलीकडचा

नाना, दंडवत! तलावाचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. अजून लिहा. खालापूर-चौक बाजूला थांबे कुठे असायचे?

कौसा_नाका

मी मुंब्र्यात वाढलो, अजून इथेच राहतो. धागा चांगला आहे, पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

तुमच्यासाठी हा वारसा आहे. आमच्यासाठी तो घरासमोरचा रस्ता आहे. जेएनपीटी (न्हावाशेवा बंदर) १९८९ मध्ये सुरू झालं, भिवंडीत गोदामं वाढली, आणि त्या दोघांना जोडणारा कंटेनर जातो तो कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा बायपास असा. २०१८ मध्ये बायपास काही महिने दुरुस्तीला बंद होता तेव्हा ठाणे, ऐरोली, भिवंडी सगळीकडे हाहाकार झाला, तो तुम्हीही भोगला असेल. बायपास नव्हता तेव्हा हे सगळे ट्रक गावातून जायचे. आमच्या शाळेच्या दारातून.

तेव्हा 'जुना रस्ता जपा' हे ऐकलं की आमच्याकडच्या माणसाला भीती वाटते. आता इथे फुटपाथ करायचा नाही, रुंदीकरण करायचं नाही, काहीतरी पाटी लागणार आणि आमची कामं अडणार. स्टेशनसमोरून जाणाऱ्या त्या जुन्या रस्त्यावर रोज हजारो माणसं चालतात. त्यांना नीट चालता आलं तर तो रस्ता जपला असं मी म्हणेन. आधी तेवढं करा, मग मैलाचे दगड शोधा.

सायकलवरची_वाशी

कौसा_नाका यांना शंभर टक्के अनुमोदन, आणि तरीही धागाकर्त्यांच्या बाजूने.

एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे सायकल असो, स्कूटर असो की बुलेट, आम्हाला पुण्याला जायला जुनाच हायवे. तो आमच्यासाठी नॉस्टॅल्जिया नाही, एकमेव वाट आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत, जिच्यात घाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तीही याच रस्त्याची. एक्स्प्रेसवे झाल्यावर लोकांना वाटतं जुना हायवे ओस पडला. पहाटे पाचला पनवेलच्या पुढे येऊन बघा.

ज्यांना मजा घ्यायची आहे त्यांच्यासाठी, अनुभवातून:

ठाण्याहून निघणार असाल तर रविवारच. कळवा-मुंब्रा उजाडायच्या आत पार करा आणि बायपासच्या नादी लागू नका, गावातल्या जुन्या रस्त्याने जा. बायपासवर कंटेनर अंगावर येतात आणि पावसाळ्यात डोंगराकडची दरड. शीळफाटा ते कळंबोली हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात धोक्याचा तुकडा, तिथे फोटोबिटो काढत थांबू नका. मागचा लाल दिवा चालू ठेवा, उजेड असला तरी.

पनवेलला थांबा. पनवेलची नगरपालिका (आता महापालिका) १८५२ ची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी, आणि जुन्या गावात सायकल हातात धरून फिरलात तर गल्ल्यांच्या मांडणीत बंदराचं गाव अजून दिसतं. पळस्पे फाट्याला पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता वेगळे होतात. हौस असेल तर गोव्याच्या बाजूला थोडं जाऊन शिरढोण बघून या, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. मग मागे येऊन पुणे रस्ता धरा. इथून खरी मजा. उजवीकडे मागे कर्नाळ्याचा सुळका, डावीकडे प्रबळगड, आणि चौकच्या आसपास इरशाळगड. इरशाळवाडीची दरड जुलै २०२३ ची आहे, तिकडे 'स्पॉट' बघायला म्हणून जाऊ नका प्लीज. रस्त्यावरून हात जोडा आणि पुढे व्हा.

घाट सायकलने चढायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. खोपोलीचा वडा खाऊन परत फिरण्यात काहीही कमीपणा नाही. खोपोलीहून कर्जतमार्गे लोकलने परत येता येतं, थकलेल्या पायांना ते फार आवडतं.

चिमटा

'हात जोडा आणि पुढे व्हा' आवडलं. बाकी मुंब्रादेवी, शिंग्रोबा, इरशाळगड... या रस्त्यावर हँडल धरायचं कधी?

पूल_आणि_मोरी

सिव्हिलवाला आहे, जुन्या पुलांच्या तपासणीची थोडी कामं केली आहेत, म्हणून या विषयावर जरा सविस्तर.

जुना रस्ता राखणे म्हणजे लोकांना इमारतीसारखं काहीतरी वाटतं. रस्त्याचं तसं नाही. डांबराचा थर दर काही वर्षांनी बदलतोच, तो जपण्यात अर्थ नाही. जपायच्या असतात त्या तीन गोष्टी: आखणी, म्हणजे रस्ता कुठून आणि का वळतो, पाण्याची वाट, म्हणजे पूल, मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायच्या छोट्या वाटा), बाजूची गटारं, आणि कडेची माणसाने ठेवलेली चिन्हं, म्हणजे दगड, झाडं, विहिरी, विश्रामगृहं.

यातली पाण्याची वाट सगळ्यात दुर्लक्षित. दगडी कमानीच्या मोऱ्या रस्त्यावरून जाताना दिसतच नाहीत, खाली उतरावं लागतं. कमानीला भार सोसायचं वावडं नसतं, उलट दाबाखाली ती घट्ट बसते. तिला मारतात त्या वेगळ्या गोष्टी. एक, पायाखालची माती पाण्याने धुऊन जाणं. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला तो नदीला प्रचंड पूर असताना. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासण्या सुरू झाल्या, हे चांगलं झालं. दोन, कमानीत रुजलेले पिंपळ-उंबर. रोप असताना उपटलं तर पाच मिनिटांचं काम, खोड झालं की दगड हलल्याशिवाय निघत नाही. तीन, आपली दुरुस्ती. जुनं बांधकाम चुन्यातलं. चुना पाणी शोषतो आणि बाहेरही सोडतो. त्याच्या सांध्यांवर सिमेंट फासलं की पाणी आत अडकतं आणि कडेचा दगडच फुटायला लागतो. वरून मात्र काम चकाचक दिसतं, बिल निघतं.

आणि चौथी, जिच्याकडे कोणीच बघत नाही. डांबरावर डांबर. जुना थर न खरवडता नवा टाकत गेलं की पुलाच्या डोक्यावर फुकटचं वजन वाढतं आणि कठडा बुटका होत जातो. जुन्या पुलाचा कठडा गुडघ्याएवढा दिसला तर तो बांधतानाच बुटका होता असं समजू नका. रस्ता वर आलाय.

कळव्याच्या जुन्या पुलाबद्दल माझं मत: वाहनांना तो बंद आहे हे योग्यच. बाजूला नवे पूल झाले, २०२२ मध्ये तिसराही सुरू झाला. आता जुन्यावर निर्णय घ्यायचा तर आधी पाण्याखालच्या पायांची तपासणी आणि मग चर्चा. तो पादचारी आणि सायकलींसाठी राखता आला तर कौसा_नाका म्हणतात ते आणि धागाकर्ते म्हणतात ते, दोन्ही एकाच ठिकाणी होईल. पण दिव्यांच्या माळा आणि फूड कोर्ट हवं असेल तर मला विचारू नका.

खाडीपलीकडचा

पूल_आणि_मोरी, हा प्रतिसाद मी सेव्ह करून ठेवला. डांबराचं मला नवीन होतं, आता प्रत्येक कठड्याकडे बघत बसणार.

कौसा_नाका, राग कसला? तुम्ही म्हणता त्यात माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. गावातल्या जुन्या रस्त्यावर माणसांना नीट चालता यावं हे मी पहिल्या क्रमांकावर घेतो. वारशाच्या नावाने रुंदीकरण अडवण्याचा माझा इरादा नाही, पण रुंदीकरण होताना काय उपटलं जातंय ते बघणारा एक तरी माणूस तिथे असावा. बघणारा नसला की कंत्राटदाराचा जेसीबी दगड आणि राडारोडा यांत फरक करत नाही. एका ठिकाणी मी स्वतः असा दगड भरावात गेलेला पाहिलाय, जागा आणि खातं सांगत नाही, वाद नको.

आठवा_मैल

मैलाच्या दगडांचा नाद असलेला इथे मी एकटाच दिसतोय, म्हणून लिहितो.

मुंबई शहरात ब्रिटिशकाळातले मैलाचे दगड अजून आहेत. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले, काळ्या दगडाचे, रोमन आकड्यांचे. दादर-परळ भागात सहज दिसतात. वारसा यादीत ते पहिल्या श्रेणीत आहेत. तरी फुटपाथ उंचावत गेले तसे कितीतरी जमिनीत गडप झाले होते. काही उकरून, साफ करून पुन्हा नीट उभे केले गेले. म्हणजे हे करता येतं, आणि आपल्या शेजारच्याच शहरात झालंय.

ठाण्याच्या पुढे कोणी अशी नोंद केलेली मी पाहिलेली नाही. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, त्यानंतर हळूहळू मैल जाऊन किलोमीटर आले. त्यामुळे जुन्या रस्त्यावर दोन पिढ्यांचे दगड असू शकतात. शोधताना एवढं लक्षात ठेवा:

किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. रस्त्याचा दर्जा बदलला की रंगही बदलतो, म्हणून हिरव्याखाली पिवळा पोपडा निघाला तर तो दगड राष्ट्रीय महामार्गाच्या काळातला असण्याची शक्यता मोठी. पण खरवडून बघू नका! निघालेला पोपडाच बघा. दगडाचा बराच भाग जमिनीखाली असतो, त्यामुळे वाकडा झालेला दगड हलवून सरळ करायच्या फंदात पडू नका. आणि सगळ्यात मोठी विनंती, ऑइलपेंट घेऊन जाऊ नका. हौशी मंडळी अक्षरं 'ठळक' करतात आणि मूळ कोरीव काम त्या रंगाखाली बुजतं.

फोटो समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, शेजारी एखादी ओळखता येईल अशी वस्तू ठेवून एक. मोबाइलचं लोकेशन चालू. उंची-रुंदी टेपने. बास.

वडाची_पारंबी

झाडांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. पूल_आणि_मोरी यांनी एका शब्दात उरकलं!

जुन्या रस्त्यांच्या कडेचे वड, चिंचा, आंबे ही आपोआप उगवलेली झाडं नव्हेत. पायी आणि बैलगाडीने जाणाऱ्याला सावली मिळावी म्हणून लावलेली आहेत. नवीन रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावतात, कारण आता सावली कोणाला हवीय, सगळे एसीत.

कायद्याने काय करता येतं? शहरी भागासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज ट्री' मानलं जातं आणि ते तोडायचंच झालं तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. ठाणे, नवी मुंबई, पनवेल महापालिका आणि खोपोली नगरपालिकेच्या हद्दीत हे लागू. मधल्या ग्रामपंचायतींत, म्हणजे चौक वगैरे भागात, १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा बघावा लागतो. म्हणून एकाच रस्त्यावरच्या दोन वडांना वेगवेगळं संरक्षण. विचित्र आहे, पण आहे.

तोडण्याआधी झाड मारायचे मार्गही बरेच आहेत. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक, खिळे ठोकून क्लासच्या जाहिराती, मुळांवर राडारोडा. झाड दोन-तीन वर्षांत वाळतं, मग 'धोकादायक' म्हणून नोटीस लागते. बुंध्याभोवती निदान मीटरभर माती मोकळी ठेवा एवढी एक मागणी लावून धरली तरी खूप झाडं वाचतील.

वय ठरवायला लगेच तज्ज्ञ लागत नाही. छातीच्या उंचीवर घेर मोजून ठेवा, फोटो काढा, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे झाड तुमच्या लहानपणी केवढं होतं. नानांसारखी माणसं इथे सोन्याच्या भावाची.

डेपोवाले_नाना

पारंबीताई, सोन्याचा भाव ऐकून हसू आलं, पेन्शन बघितलीत तर तुम्हालाही येईल.

खालापूर-चौकचं विचारलं होतं. चौकला थांबा होता. लोक माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांतून चालत येऊन गाडी पकडायचे, करवंदं-जांभळांच्या पाट्या टपावर. वाहतूक कमी आणि ओळखी जास्त. आठवड्याच्या बाजारादिवशी आम्ही एखाददुसरी मिनिटं मुद्दाम काढायचो, मागून धावत येणारं कोणीतरी असायचंच. अधिकाऱ्याला सापडलो तर मेमो.

झाडाखाली थांबा असायचा हे खरं. शेड नंतर आल्या. कागदोपत्री थांब्याचं नाव गावाचं, आम्ही म्हणायचो 'आंब्याखाली घे'.

तळोजेकर_भाऊ

आम्ही तळोज्याचे. एक सांगतो, आमच्याकडं 'हायवे' म्हणजे हाच. एमआयडीसी आली, जेल आलं, मेट्रो आली, सिडकोचे टॉवर आले, पण म्हातारी माणसं अजून 'पुना रोड' म्हणतात.

जुन्या माणसांकडं फोटो आहेत का विचारून बघतो. रस्त्यासाठी जमीन गेली त्यांच्याकडं सातबारा आणि मोबदल्याचे कागद नक्की असतील. त्यात रस्त्याची जुनी हद्द सापडेल ना? इंजिनिअर साहेब सांगा.

पूल_आणि_मोरी

भाऊ, सापडेल, आणि फोटोपेक्षा पक्का पुरावा ठरेल. भूमी अभिलेखचे गावनकाशे आणि तुमच्याकडचे मोबदल्याचे कागद शेजारी ठेवले तर जुनी आखणी कुठे होती आणि वळण कधी काढून टाकलं हे काढता येतं. वळण सरळ करताना जुना तुकडा बहुधा बाजूला पडून राहतो, त्यावर टपऱ्या किंवा ट्रक उभे असतात. मोऱ्या जुन्या असतील तर त्या तुकड्यांवर सापडायची शक्यता सगळ्यात जास्त, कारण तिथे रुंदीकरण झालेलं नसतं. मूळ कागद कोणाला देऊ नका, फक्त फोटो काढा.

बाकी पुलांच्या तपासणीचे अहवाल माहिती अधिकारात मागता येतात. 'सर्व पुलांची माहिती द्या' असं मोघम लिहिलंत तर मोघम उत्तर येईल. पुलाचं ठिकाण, साखळी क्रमांक म्हणजे चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), आणि कोणत्या वर्षांपासूनचे अहवाल, असं नेमकं लिहा.

कौसा_नाका

चर्चा चांगल्या वळणावर आली. मी एक काम अंगावर घेतो. मुंब्रा स्टेशन ते कौसा जुन्या रस्त्यावर चालत जाऊन फुटपाथ कुठे तुटतो, कुठे नाहीच, त्याची यादी करतो, फोटोसकट. ती यादी तुमच्या दगड-झाडांच्या यादीत धरणार असाल तरच. वेगळी पुरवणी म्हणून नको, पुरवण्या कोणी वाचत नाही.

खाडीपलीकडचा

एकाच यादीत, आणि सुरुवातच तुमच्या तुकड्याने. ठरलं.

मग असं करू. पावसाळा संपल्यावर, गवत वाळलं की, रविवारी पहाटे कळवा नाक्यावर जमायचं. सायकल, स्कूटर, गाडी, ज्याला जे जमेल ते. पहिल्या फेरीत कळवा ते पनवेल एवढंच. पुढचं पनवेल-खोपोली दुसऱ्या फेरीत, सायकलवरची_वाशी पुढे राहतील. शीळफाटा-कळंबोलीमध्ये त्यांनी सांगितल्याप्रमाणे कोणी थांबायचं नाही; तिथली पाहणी तळोजेकर भाऊंबरोबर वेगळ्या दिवशी, आतल्या रस्त्यांनी. नाना, तुम्ही गाडीत पुढच्या सीटवर.

१९५६ च्या महामार्ग कायद्याचा उतारा आणि क्रमांक ४ चं वर्णन एका कागदावर छापून आणतो. ठाण्यात महामार्गाच्या सुरुवातीची साधी पाटी लावा एवढा अर्ज करायचा असेल तर त्यासोबत तेच जोडू. अर्ज कोणाकडे द्यायचा यावर वेगळा धागा काढतो, इथे सुरू केलं तर दोनशे प्रतिसाद तिथेच जातील.

चिमटा

पाटी लावली तर तिच्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स किती दिवसांत लागेल यावर पैज कोण लावतंय?

आठवा_मैल

@चिमटा, म्हणूनच मी म्हणतो, पाटी नको, जमिनीत रोवलेला दगड मागा. फ्लेक्स बांधायला उंचीच नाही.

डेपोवाले_नाना

पुढची सीट मान्य. पण ड्रायव्हरने क्लच नीट वापरावा, गुडघा माझा आहे.

वडाची_पारंबी

मोजायची टेप मी आणते, तीस मीटरची. कळव्याला उजाडायच्या आत पोचणं मला डोंबिवलीहून जमणार नाही, मुंब्रा स्टेशनला गाठते. कौसा_नाका, तुम्ही तिथेच असाल ना?

कौसा_नाका

असणार. पुलाखालच्या चहावाल्याकडे या, पाचपासून उघडा असतो.